जांभळ्यावर जांभळा

छिंदवाड्याचं तीन दिवसांचं शिक्षकांचं शिबिर आटोपून रजनी दुपारच्या बसने पांढुर्ण्याला उतरली, घरी आली, चपला काढल्या, पिशवी खुंटीला अडकवली, आणि तेवढ्यात खिडकीशी बसलेल्या सासूने मागे न वळताच मांडीवरचा कापडाचा लांब पट्टा तिच्या दिशेने उचलून धरला. "पाय बरं, दिसते का क्रूस?" पट्टा जांभळ्या साटीनचा होता. त्याच्या टोकाला चार बोटं उंचीचा क्रूस भरलेला होता आणि तो दारातूनही लख्ख दिसत होता, कारण तो जांभळ्याऐवजी कत्थई, तपकिरी दोऱ्याने भरलेला होता. रजनी दोन पावलं पुढे गेली. दुसऱ्या टोकालाही तसाच क्रूस, आणि मधे, मानेवर येतो तिथे, तिसरा. तिन्ही कत्थई. टाके असे बसले होते की एकाची कड दुसऱ्याला सोडत नव्हती. "नाही दिसत," रजनी म्हणाली. "मंग बराबर," यमुनाबाई म्हणाल्या आणि दोऱ्याचं टोक दातांनी तोडलं.

स्वयंपाकघरात चहाचं आधण उकळून अर्धं झालं तरी रजनी पाहत उभी होती. आपण असं का म्हणालो, हे तिचं तिलाच कळेना. शाळेत मुलींचे टाके तपासताना ती इतकी सरळ बोलायची की पोरी रडत. आणि इथे, जिच्या हातची एक चूकही अकरा वर्षांत पाहिली नव्हती त्या बाईला, ती एवढी मोठी चूक बघून खोटं बोलली होती. बाहेरून यमुनाबाईंचं गुणगुणणं ऐकू येत होतं. काम मनासारखं झालं की त्या अशा गुणगुणत. रजनीला वाटलं, हे गुणगुणणं थांबायच्या आत सांगायला हवं. मग वाटलं, थांबल्यावर सांगावं. चहा गाळताना कपाबाहेर सांडला.

लग्न होऊन या घरी आली तेव्हा तिच्याजवळ नागपूरच्या शिवणकलेचा डिप्लोमा होता आणि भरतकामाचा एक नमुना होता, ज्याला वर्गात पहिला नंबर मिळालेला. सासूने तो नमुना हातात घेतला, पालथा केला आणि मागची बाजू बराच वेळ बघितली. पुढची बाजू बघितलीच नाही. मग तो घडी करून परत दिला, "चांगलं आहे," एवढंच म्हणाल्या. त्या दिवशी रजनी मनातून चिडली होती. चौथी शिकलेली बाई, सौंसरच्या मिशन दवाखान्यातल्या माळ्याची पोर, हिला काय कळतं. पुढे महिनाभराने एका दुपारी सासू घरात नसताना तिने त्यांचा एक अर्धवट पट्टा उचलून पालथा केला. मागची बाजू पुढच्यासारखीच होती. गाठ नाही, लोंबता दोरा नाही, कुठून सुरू झालं आणि कुठे संपलं ते सापडत नाही. रजनीने तो पट्टा जसा होता तसा ठेवला, खोलीत जाऊन ट्रंकेतून आपला नमुना काढला, आणि तो पुन्हा कुणाला दाखवला नाही.

पट्ट्याला पादरी लोक स्टोल म्हणत. उपासनेच्या वेळी पांढऱ्या झग्यावर मानेवरून घेऊन दोन्ही बाजूंना गुडघ्यापर्यंत सोडायचा. सणाला पांढरा, एरवी हिरवा, आणि ईस्टरच्या आधी चाळीस दिवस उपवासाचे असतात त्या दिवसांत जांभळा. त्या दिवसांना इकडचे ख्रिस्ती लोक चालीसा म्हणत. पहिल्या वर्षी ते ऐकून रजनीने विचारलं होतं, "हनुमानाचा?" आणि यमुनाबाई तोंडाला पदर लावून हसल्या होत्या. दवाखान्यातल्या मिसबाईने त्यांना दहाव्या वर्षी हे काम शिकवलं. मिसबाई तिच्या देशी निघून गेली, दवाखाना बंद पडला, माळ्याच्या पोरीचं पांढुर्ण्याच्या नत्थूजी कळंब्यांशी लग्न झालं. तिच्या घरात तुळस होती, देव्हारा होता, सोमवारचा उपास होता, आणि दर हिवाळ्यात सौंसर, बैतूल, अमरावतीहून कुणीतरी पादरी पत्र पाठवायचा. नत्थूजींनी कधी नाही म्हटलं नाही. ते गेल्यावर मुलाने, रजनीच्या नवऱ्याने, मोरेश्वरनेही म्हटलं नाही. इतर रंगांच्या स्टोलवर यमुनाबाई सोनेरी जर वापरत. जांभळ्यावर मात्र नाही. जांभळ्यावर जांभळाच दोरा. "उपवासाले सोनं कायले पायजे?" त्या म्हणायच्या. "दुरून सपाट दिसाले पायजे. पादरी हलला, उजेड फिरला, की तेवढ्यापुरता क्रूस यावा न् जावा." रजनीने तो येताना आणि जाताना पाहिलेला होता. खिडकीच्या उजेडात यमुनाबाई पट्टा किंचित तिरपा करत आणि कापडाच्या आतून कुणीतरी वर यावं तसा क्रूस यायचा. एवढं सारं काम, आणि ते दिसू नये म्हणून केलेलं.

दुसऱ्या दिवशी शाळेत सातवीच्या मुली रुमालाला कड घालत होत्या आणि रजनी फळ्याजवळ खुर्चीत बसून गेल्या दोन वर्षांतल्या गोष्टी आठवत होती. सासूला ती आईच म्हणे. आई तांदूळ निवडतात ते आता बोटांनी. भाजीवाल्याकडची वांगी हातात घेऊन दाबतात, रंगाकडे बघत नाहीत. दिवाळीला तिच्या नव्या साडीला चांगला कत्थई आहे म्हणाल्या, आणि साडी जांभळी होती, आणि तिने असा समज करून घेतला होता की आईंना साडी आवडली नाही. आपण रोज ज्या माणसाच्या शेजारी बसतो त्याला काय दिसतं हे आपल्याला काहीच ठाऊक नसतं, हा विचार येऊन ती उठून खिडकीशी गेली. मुली शांत बसल्या होत्या. बाहेर संत्र्यांचे ट्रक स्टेशनकडे चालले होते आणि त्यांचा वास वर्गात येत होता. पण मग इतकी वर्षं, म्हणजे ही दोन वर्षं, काम बिनचूक कसं झालं? गेल्या सालचा जांभळा स्टोल तिने स्वतः घडी करून दिला होता. जांभळ्यावर जांभळाच होता तो.

उत्तर त्याच दुपारी मिळालं. यमुनाबाई पट्ट्याला अस्तर टाचत होत्या. दोरा संपला तसा त्यांनी शेजारच्या पेटीत हात घातला. दवाखान्यातली जुनी लाकडी पेटी होती ती, औषधाच्या बाटल्यांसाठी बारा खण केलेली. त्यांनी पेटीकडे बघितलं नाही. बोटं कडेवरून सरकली, एक, दोन, तीन, आणि तिसऱ्या खणातून रीळ उचलून आली. कत्थई रीळ. संक्रांतीच्या आधी घर झाडताना तिने ती पेटी उपडी केली होती. धूळ पुसली, खणांत वर्तमानपत्राचे तुकडे घातले आणि रीळ नीट लावले, कॉलेजात शिकवलं होतं तसे, गडदकडून फिक्याकडे. जांभळा निळ्याजवळ गेला, त्याच्या तिसऱ्या खणात कत्थई आला. सासूला तिने कौतुकाने दाखवलं होतं आणि यमुनाबाईंनी क्षणभर पेटीकडे पाहून "बरं केलं" म्हटलं होतं. त्या क्षणभरात त्यांच्या मनात काय झालं असेल? कदाचित त्यांना वाटलं असेल, पोरीने पुसून जिथल्या तिथे ठेवलं.

रविवारी महाशिवरात्र होती. मोरेश्वर ऑफिसातल्या लोकांबरोबर पचमढीच्या महादेवाला गेला होता. यमुनाबाई उपाशीपोटी, बेलाची पानं घेऊन, जाम नदी ओलांडून सावरगावच्या देवळात गेल्या. बुधवारी राखेचा बुधवार, चालीसाचा पहिला दिवस. मंगळवारी सौंसरचे नवे पादरी स्टोल न्यायला येणार होते. रजनीने दाराला कडी लावली, जांभळा रीळ घेतला, कात्रीच्या टोकाने मानेवरचा क्रूस उसवला आणि भरायला बसली. तिने ठरवलं होतं की तीनही क्रूस असे बदलायचे आणि कुणाला काही कळू द्यायचं नाही. तिचा हात चांगला होता, ते तिला ठाऊक होतं. पण साटीनवर जुन्या सुईची भोकं राहिली होती आणि तिचा टाका त्यांच्या शेजारी पडत होता. दहा टाके झाल्यावर तिने पट्टा लांब धरला. कुणीतरी कापडाला चावल्यासारखं दिसत होतं. तिने ते उसवलं, पुन्हा घातलं, आणि घाम पुसताना लक्षात आलं की ती दाराकडे पाठ करून बसली आहे आणि कडी वाजते आहे.

तिने दार उघडलं तेव्हा यमुनाबाईंच्या कपाळाला भस्म होतं. त्यांनी हातातला तांब्या खाली ठेवला, चटईवर पसरलेल्या पट्ट्याशी बसल्या आणि अंगठा मानेवरच्या क्रूसावरून फिरवला. एकदा. "हा टाका माझा नाही व्हय."

"नाही," रजनी म्हणाली.

"काहून उसवलं?"

तिने सांगितलं. पेटीचं आधी सांगितलं, मग रंगाचं. सांगताना ती सासूच्या तोंडाकडे बघत नव्हती, भस्माच्या तीन रेघांकडे बघत होती. यमुनाबाई ऐकत होत्या. मग म्हणाल्या, "तू त्या दिवशी नाही दिसत म्हनलं."

"तुम्हाला वाईट वाटलं असतं."

"अन् आता काय होऊन राहिलं?" आवाज चढलेला नव्हता. "पादरी ते गयात घालून उभा राहिला असता. सारे लोक उपाशी, मान खाली घालून बसलेले, अन् याच्या गयात कत्थई क्रूस. त्याले वाटलं असतं, बाईनं मुद्दाम केलं."

"तुम्ही तरी कुठं सांगितलं? दोन वर्षं झाली ना?"

यमुनाबाईंनी तांब्या भिंतीशी सरकवला. नदीकडून जत्रेला निघालेल्या लोकांचा आवाज येत होता. "माह्या मायचा डोया मोतीबिंदूच्या आप्रेशनात गेला," त्या म्हणाल्या. "कोन्या तरी शिबिरात. मंग बारा सालं भिताडाले हात लावून चालली ते. मी सांगतलं असतं तं मोरेश्वर मले दुसऱ्या दिवशी उचलून घेऊन गेला असता." त्यांनी पट्टा ओढून मांडीवर घेतला. "दिवा लाव. फराळ झाल्यावर नाही, आताच. दोन दिवस आहेत."

सोमवारी रजनीने शाळेत रजेची चिठ्ठी पाठवली. त्या दोन दिवसांत जे पाहिलं ते ती पुढे कुणाला नीट सांगू शकली नाही. यमुनाबाईंनी तिन्ही क्रूस उसवले, एकेक टाका सुईने उचलून, कापडाला न ओढता. रजनी म्हणाली, नवीन कापड आणू, बाजार उघडा आहे. "हे कापड पादऱ्यानं पाठवलं. त्याच्या मायचं लुगडं होय," यमुनाबाई म्हणाल्या. मग त्यांनी सुईत दोरा ओवून घेतला, रजनीने रंग दोनदा सांगितला, आणि त्यांनी डोळे मिटले. डाव्या अंगठ्याचं पेर कापडाखाली, सुईचं टोक कापडावर. टोक हळूच सरकायचं आणि जुन्या भोकाशी आलं की थांबायचं. तिथूनच आत. पलीकडच्या भोकातून वर. एकही नवं भोक नाही. रजनी बघत होती. तिच्या डोळ्यांना ती भोकं मोठ्या मुश्किलीने दिसत होती. त्या बाईला ती दिसत नव्हती आणि सापडत होती. तिला आपल्या डिप्लोम्याची लाज वाटली नाही, हे तिचं तिलाच नवल वाटलं. काहीतरी फार मोठं आपल्यासमोर चाललं आहे आणि आपल्याला ते बघायला मिळतं आहे, एवढंच वाटत होतं. अधूनमधून यमुनाबाई विचारत, "जांभयाच ना?" आणि ती म्हणे, "जांभळाच, आई." या दोन शब्दांखेरीज तासन्‌तास दोघी बोलल्या नाहीत. दुसऱ्या दिवशी दुपारी अकरा वर्षांत पहिल्यांदा रजनीला या घरात कुणाला तरी आपली गरज आहे असं वाटलं, आणि ते वाटल्यावर आपण किती वर्षं ते वाटायची वाट बघत होतो हेही कळलं.

मंगळवारी चार वाजता पादरी आले. शांतवन साळवे, वय तिशीच्या आत, खांद्याला झोळी, बोलणं हळू. त्यांनी स्टोल दोन्ही हातांवर घेतला आणि खिडकीशी जाऊन तिरपा केला. क्रूस आला आणि गेला. त्यांनी पट्ट्याची कड गालाला लावली, आणि मग संकोचून खाली घेतली.

"एक सांगतो, पादरी साहेब," यमुनाबाई म्हणाल्या. "हे एक डाव चुकीच्या रंगानं भरलं होतं. उसवून पुन्हा भरलं. मले रंग दिसत नाही आता. तुम्हाले चालत नसन तं ठेवून जा."

रजनीला वाटलं, कशाला सांगितलं, कुणाला कळलं असतं? साळव्यांनी स्टोल पुन्हा बघितला, पालथा करून बघितला. "आई सणाला हेच नेसायची," ते म्हणाले. "मला चालत नाही असं कसं होईल?" मग म्हणाले, "खरं तर मी ईस्टरसाठी पांढरा मागणार होतो. पण आता तुम्हाला त्रास..."

"ईस्टर कवा?"

"उद्यापासून चाळीस उपवासांनंतर. मधले रविवार धरून सेहेचाळीस दिवस."

यमुनाबाई रजनीकडे वळल्या. "एवढ्या दिवसांत डोयाचं होते का वो?"

नागपूरच्या दवाखान्यात मार्चच्या पहिल्या आठवड्यात त्यांच्या उजव्या डोळ्याचं ऑपरेशन झालं. आदल्या दिवशी त्या मोरेश्वरचा हात इतका घट्ट धरून बसल्या होत्या की त्याच्या मनगटावर वळ उठले. झाल्यावर डोळ्यावर पट्टी, डोक्याच्या दोन्ही बाजूंना वाळूच्या पिशव्या, हलायचं नाही. आणि पांढरं रेशीम रजनीच्या पिशवीत. सुई हातात धरायला डॉक्टरांनी सासूला तीन महिने मनाई केली होती, तेव्हा भरायचं रजनीनेच, खाटेशेजारच्या स्टुलावर बसून. थोडं झालं की ती कापड सासूच्या हाताखाली सरकवायची. अंगठा फिरायचा. "उसव." दुसऱ्यांदा: "उसव." आजूबाजूच्या खाटांवरच्या बायका हसायच्या, मग त्यांनाही उत्सुकता वाटू लागली, आज काय म्हणते म्हातारी. तिसऱ्यांदा उसवताना रजनीच्या डोळ्यांत पाणी आलं, पण राग आला नाही. घरी आल्यावरही तसंच चाललं. सकाळी शाळा, दुपारी जरीचा टाका, संध्याकाळी अंगठा. शेवटच्या दिवशी, गुड फ्रायडेच्या आदल्या दुपारी, पादरी यायला तासभर उरला असताना तिने शेवटचा क्रूस पुढे केला. अंगठा फिरला, क्रूसाच्या उजव्या बाहूच्या खालच्या कडेशी आला, तिथे थांबला. तिथे एक टाका सुटला होता, कड अर्ध्या केसाने आत गेली होती, तिला ठाऊक होतं. मग अंगठा पुढे गेला. "दे त्याले," यमुनाबाई म्हणाल्या.

चष्मा एप्रिलच्या अखेरीस मिळाला, जाड भिंगांचा, ज्यातून त्यांचे डोळे दुप्पट दिसायचे. पहिले दोन दिवस त्या पायरीवर पाय टाकायला घाबरत होत्या. रंग त्यांना फार भडक दिसत होते. तुळशीची पानं बघून म्हणाल्या, एवढी हिरवी कशी झाली. रजनीच्या तोंडाकडे त्यांनी असं पाहिलं की ती अवघडून गेली. "तुह्या केसांत पांढरं आलं," त्या म्हणाल्या, "मले कोनी सांगतलंच नाही."

तिसऱ्या दिवशी त्यांनी सौंसरला निरोप धाडला की पांढरा स्टोल एकदा दाखवायला आणा. साळवे पुढच्या आठवड्यात घेऊन आले. यमुनाबाई खिडकीशी बसल्या. आधी पालथा केला, मागची बाजू बघितली, टोकापासून टोकापर्यंत, मग सुलटा केला. साळवे आणि रजनी भिंतीशी उभे होते, शाळेतल्या मुलांसारखे. शेवटच्या क्रूसाशी त्यांनी मान वाकवली, आणि नखाने खालच्या कडेला अलगद टेकलं.

"हा एक."

"हो," रजनी म्हणाली. "मला माहीत होतं. पण त्या दिवशी तुम्ही..."

"तवाच लागला होता अंगठ्याले." त्यांनी चष्मा काढून पदराने पुसला, पुन्हा घातला. "तू थकून गेली होतीस."

रजनी पुढे झाली, पेटीतली लहान कात्री उचलली आणि कापडाला हात घातला. यमुनाबाईंनी पट्टा तिच्या हाताखालून काढून घेतला, घडी केली आणि पादऱ्याच्या हातात ठेवला.

"राहू दे," त्या म्हणाल्या. "बस आता. चाय मी ठेवतो."